चौथा फर्मा

नाशिकरोडहून शेअर रिक्षाने शालिमारला उतरले,
खांद्याला रॅकेट. तिला कव्हर नव्हतं
म्हणून उशीचा अभ्रा घातलेला.
खैरनार म्हणाले, हे काय बाई, तंबोरा?
म्हटलं, नाही हो, टेनिस. शिकायचंय.
एखादं पुस्तक असेल तर बघा,
अगदी बिगरीतलं.

त्यांनी माझ्या केसांकडे पाहिलं, मग चपलांकडे,
आणि काही न बोलता शिडी लावली.
भला माणूस.

पाच निघाली.
पहिलं जाडजूड. प्रस्तावनाच बावीस पानं,
सत्तराव्या पानापर्यंत चेंडू येतच नाही.
दुसऱ्यात नुसते बाण. मनगटातून बाण, गुडघ्यातून बाण,
बाणांनी टोचलेला एक माणूस, तरी हसतोय.
तिसऱ्याने पहिल्याच पानावर बजावलेलं,
सुरुवात वयाच्या सातव्या वर्षी करावी.
मी एकसष्ट. ते मिटून ठेवलं.
चौथं कुणीतरी आधी वाचलेलं,
पेन्सिलीच्या खुणा बॅकहँडपर्यंत,
तिथे समासात "सोमवारपासून नक्की",
आणि पुढे सगळी पानं कोरी.

रॅकेट मात्र सगळीकडे उजव्या हातात.

मी डावरी.
सिन्नरच्या शाळेत गुरुजींनी पट्टी मारून
उजवी करून दिली, लिहिण्यापुरती.
प्रसाद उजव्याने, ओवाळणं उजव्याने,
पगारपत्रकावरची सही उजव्याने.
पण कुणी अचानक काही फेकलं
तर डावाच पुढे होतो.
त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

डावलणं हा शब्द आयुष्यभर वापरला,
कधी थांबून ऐकला नव्हता.

आरशासमोर धरून वाचा की, खैरनार म्हणाले,
आणि चहा सांगायला बाहेर गेले.

राहिलं पाचवं. पातळ, कण्याचा डिंक सुटलेला.
सवयीने उजेडाकडे धरलं.
एकतीस वर्षं प्रेसमध्ये हेच केलं,
कोरे करकरीत ताव, त्यांतली चूक हुडकायची,
केसभर सरकलेली रेघ, फिकट आलेला अंक,
बाजूला काढ, शिक्का मार, पुढचा घे.
चांगल्या नोटा कुठे कुठे गेल्या, ठाऊक नाही.
चुकलेल्या अजून पाठ आहेत.

बोट थांबलं पान एकोणपन्नासवर.
सर्व्हिसचा धडा.
मुलीच्या शर्टाचा खिसा उजवीकडे.
मागच्या भिंतीवर घड्याळ, आकडे उलटे फिरणारे.
फलकावरच्या अक्षरांनी आपल्याकडे पाठ केलेली.
निगेटिव्ह पालथी बसली होती!
एकोणपन्नास ते चौसष्ट, अख्खा चौथा फर्मा,
आणि सोळाही पानं ती मुलगी
डाव्या हाताने खेळत होती.

खैरनारांनी जीभ चावली.
अरेरे, मिसप्रिंट. दहा कमी द्या, बाई.
नको म्हटलं, पुरे साठ घ्या.
हे माझ्या हाताखालून गेलं असतं
तर मीच बाजूला काढलं असतं,
ते काही बोलले नाही.

बाकीचं आता कपाटाच्या आरशातूनच शिकते.
फोरहँड, पायांची चाल.
दार हललं की कोर्ट तिरकं होतं
आणि आतून डांबरगोळ्यांचा वास येतो.

सकाळी सहाला कॉलनीच्या कोर्टावर
थंडीने बोटं वळत नाहीत.
बागुलांची श्रावस्ती, बारा वर्षांची,
चेंडू गोळा करून देते, तोंड बंद ठेवत नाही.
आजी, तुमचा फोरहँड म्हणजे माशा हाकलणं.
बॅकहँड तर नाहीच.
मग सर्व्हिस कशी काय सरळ पडते?

म्हटलं, तेवढाच एक फर्मा चुकलाय.

तिला काही कळलं नाही.
दे, दुसरा चेंडू दे.